बुधवारची विनंती

६ जानेवारी

धाकट्या,

देव तुझं भलं करो, तू त्याचं नाव घेत नसलास तरी. पत्र शेवटपर्यंत वाच, कारण मुद्द्याला हात घालायची मलाच भीती वाटते आहे.

तुझे भावोजी रविवारी सकाळी दाढी करतात. तू म्हणशील, करू देत की. अरे, लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, रविवार म्हणजे ह्यांचा लोळण्याचा वार. मी चर्चला निघाले की पांघरुणातून आवाज यायचा, "देवाला म्हणावं, नळ गळत असला तर बोलाव, एरवी माझं तिथे काय काम?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

आता मी उपासनेहून परत येते तर घराला कुलूप. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, बुटांना पॉलिश, आणि हे गायब. विचारलं तर म्हणतात, "काम होतं." हत्यारांची पिशवी तर दाराआड पडलेली असते. पान्हा न घेता कुणी नळ बसवायला जातं का? वर दारूही सुटली आहे. इतकी वर्षं मी घसा फोडून सुटली नाही, ती गुपचूप सुटली. शिवणाच्या वर्गात मी मुलींना सांगते, टाका उलट बाजूने बघा, खरं तिथे कळतं. ह्या प्रकरणाची उलट बाजू बघितली तर एकच अर्थ निघतो. बाई.

काल बुधवार होता. आमच्या मंडळीची रीत तुला आठवत असेल. प्रार्थनासभेत पाळकसाहेब विचारतात, "कुणाची विनंती आहे?" मग ज्याचं जे दुखणं असेल ते त्याने उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून ते देवापुढे मांडायचं. माझी विनंती लग्न झाल्यापासून एकच, नवऱ्याचं तारण, म्हणजे त्याने देवाकडे वळावं. अंगात ताप असला तरी बुधवार चुकवला नाही. काल मी सगळं सांगितलं, दाढीपासून पॉलिशपर्यंत. बेकरीवालीच्या डोळ्यांना तर धारा लागल्या. खजिनदार म्हणाले, "बाई, काळजी करू नका, आम्ही लक्ष ठेवतो." मोठा आधार वाटला बघ.

तुमची दोघांची पत्रापत्री चालते हे मला ठाऊक आहे. पुरुषापुरुषांतलं काही तुझ्या कानावर आलं असेल तर बहिणीपासून लपवू नको.

तुझी ताई


१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि हसण्याच्या नादात रोग्यांचं सूप करपवलं. भावोजी आणि बाई? अगं, ह्या माणसाला एक बायको झेपता झेपत नाही, दुसरी कुठे सांभाळणार?

दाढीचं म्हणशील तर वय झालं की पांढरे खुंट आरशात टोचतात. कामाचं म्हणशील तर गिऱ्हाइकं रविवारीच घरी सापडतात. टाकीचं काम एका दिवसात होत नाही. गळती बुजवायची, पाणी भरायचं आणि चार रविवार जाऊन बघायचं, कुठे पाझरतं का. हत्यारं तिथेच ठेवली असतील. दारू सुटली तर सुटू दे. सुटलेल्या दारूची चौकशी करणारी बायको मी पहिल्यांदाच बघतो आहे.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नको. एक, त्यांच्या मागावर जाऊ नको. दुसरी, बुधवारी ह्याबद्दल परत उभी राहू नको. मागायचं तर मनातल्या मनात माग. का, ते विचारू नको.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

मागावर जाऊ नको म्हणालास, म्हणून गेले.

गेल्या रविवारी चर्च बुडवलं. जन्मात पहिल्यांदा. हे पुढे आणि मी दुकानांच्या आडोशाने मागे. स्टँड ओलांडला, शाळेची भिंत ओलांडली, आणि हे टायरच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर गेले. मी देवाचा धावा करत जिना चढले. दार अर्धं उघडं होतं. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकं, आणि मागच्या रांगेत तुझे भावोजी, डोळे मिटून गात होते. गात होते, धाकट्या! सुराशी जन्माचं वैर असलेला माणूस "प्रभू, प्रभू" करत होता, आणि शेजारचे लोक बिचारे सहन करत होते.

आणि पुढे उभं राहून उपदेश कोण करत होतं? काडीपैलवान! माझ्या संडेस्कूलमधला. ज्याला मी वचनं पाठ करायला बसवलं की भिंतीला टेकून घोरायचा, ज्याचं नाक मी माझ्या रुमालाने पुसलं, तो. पाळक झालाय म्हणे. आमच्या मंडळीतून फुटून त्याने ही नवी चूल मांडली तेव्हाच मी म्हटलं होतं की ह्याच्या हातून धड काही व्हायचं नाही. शेवटी त्याने जाहीर केलं, "फेब्रुवारीच्या अखेरीला आपले नळवाले भाऊ बाप्तिस्मा घेणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे लाजले. पंचवीस वर्षांत मी ह्यांना लाजताना बघितलं नाही.

बाई असती तर परवडलं असतं. बाईला चार शब्द सुनावून, पदराला धरून जिन्याखाली उतरवलं असतं. आता कुणाला सुनावू, देवाला? नांगरलं मी, पेरलं मी, पहाटे उठून डोळ्यांतलं पाणी घातलं मी, आणि कापणी काडीपैलवानाची! येशूच्या गोष्टीतल्यासारखं शंभरातलं हरवलेलं मेंढरू सापडलं की सगळ्यांनी आनंद करायचा. करते ना. पण ते शेजारच्या कळपात सापडलं तर? आणि उरलेल्या नव्याण्णवांना कधी कुणी विचारलं का, की बायांनो, तुम्ही इतकी वर्षं शहाण्यासारख्या चरताय, तुमचं काय?

घरी आल्यावर विचारलं, "हे कधीपासून?" तर म्हणे, "त्यांची बाप्तिस्म्याची टाकी गळत होती. बोलावलं, गेलो." म्हटलं, "आणि माझं चर्च? तिथे काय काटे होते?" त्यावर एकच शब्द. "नको." का नको, तर पिशवी उघडून पान्हे पुसत बसले.

आणि तू! माझ्या पत्रात टाकीचा चकार शब्द नव्हता, तुला टाकी कुठून सुचली? सगळं ठाऊक होतं तुला. सख्ख्या बहिणीला सूप करपल्याच्या गोष्टी सांगत होतास.

मी बुधवारी जाणं बंद केलं आहे. स्वयंपाकघरातलं पहाटेचं मागणंही बंद. ज्याला माझी गरज नव्हती त्याच्याशी काय बोलू? त्या टाकीजवळ तर मी पाऊल टाकणार नाही. हे म्हणतात, "तू आली नाहीस तर मी पाण्यात उतरणार नाही." म्हटलं, नका उतरू! कोरडेच राहा!

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

हो, मला ठाऊक होतं. पावसाळ्यापासून ठाऊक होतं. त्यांनी मला का सांगितलं ते लिहितो, कारण हे आमच्या दोघांतलं आहे आणि तेवढं सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, "तुमच्या घराण्यात तू एकटाच असा आहेस, की हे ऐकून उभा राहून टाळ्या वाजवणार नाहीस." मी चर्चला जात नाही म्हणून त्यांना माझ्यापाशी बोलता आलं. ह्यावर तू विचार कर. मला तर ते वाचून दिवसभर काही सुचलं नव्हतं.

मी लपवलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन. दुसऱ्याने ओंजळीत दिलेलं रस्त्यावर सांडायचं नसतं.

आता तू रागावलीस तरी बोलतो. तुझा राग देवावर नाही आणि भावोजींवरही नाही. तुझा राग श्रेयाचा आहे. पंचवीस वर्षं दार ठोठावलंस, मान्य. असं ठोठावणं माझ्या दहा पिढ्यांना जमणार नाही. पण दार उघडल्यावर तू भांडतेस, हे ह्या हाताने का उघडलं आणि माझ्या हाताने का नाही! मी देवाचा माणूस नाही, पण फुकट मिळालेल्या वस्तूची पावती मागणारं गिऱ्हाईक मला कळतं. इथे इस्पितळात रोज येतात.

आणि तो माणूस म्हणतो, तू आली नाहीस तर उतरणार नाही. नुसता हट्ट नाही तो, ताई. तू मोडता घातलास तर खरंच मोडेल.

तिथे "नको" का, ते मला ठाऊक आहे. मी सांगणार नाही. त्यांनाच विचार, आणि उत्तर येईपर्यंत बोलू नको. शिवताना दातात दोरा धरतेस ना, तसा धर.

धाकटा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र चुलीत घालणार होते. श्रेयाचा राग! पहाटेच्या थंडीत उठून बघ महिनाभर, मग श्रेयाच्या गोष्टी कर.

पण विचारलं. दोरा धरून विचारलं. ह्यांनी पिशवीची दोरी बांधली, परत सोडली, परत बांधली, आणि म्हणाले, "तोंडाने नाही सांगता येणार. बाहेरगावी इमारतीचं काम आहे, तिथून लिहून पाठवतो." आजवर बिलाच्या पलीकडे ज्यांनी अक्षर लिहिलं नाही ते मला पत्र लिहिणार. एका छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याला माझ्याशी बोलायला पोस्ट लागतं! तुला मात्र लिहिता येतं. वा रे न्याय.

ताई


२० फेब्रुवारी

अगं,

पाइपांच्या ढिगावर बसून लिहितोय, अक्षर हललंय ते त्यामुळे. राग मानू नको. मानलास तरी वाच.

माझी आई गेली त्या वर्षीचं सांगतो. एका संध्याकाळी मी तुला म्हणालो होतो, मला मरणाची भीती वाटते. दिवा मालवला की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. मी रडलो होतो. तू माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि काही बोलली नाहीस. फार बरं वाटलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

त्याच आठवड्यात खजिनदाराच्या मोरीचा नळ बसवायला गेलो. मी खाली वाकलेलो, तो वरून म्हणाला, "काय मिस्त्री, मरणाला घाबरता म्हणे? भिऊ नका, काल आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी मागितलंय." त्याची बायको आतून बघायला आली. मुलगी बघायला आली. माझ्या हातात नळ होता आणि तो मला फिरवताच येईना. नंतर बेकरीत गेलो तर बेकरीवालीने पाव जास्तीचा घातला. कीव म्हणून.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं. तुला वाटलं, चांगली बातमी आहे, देव ह्याच्या मनात काम करतोय, सांगू या. पण त्या दिवसापासून मी तुला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं की बुधवार आठवायचा.

तुझ्या चर्चच्या दारापर्यंत मी दोनदा आलो होतो. तू पुढे बसली होतीस, दिसलो नाही. दारातून सगळ्यांच्या माना दिसायच्या. त्यातल्या एकेकाला माझं सगळं ठाऊक. कुठे पडलो, कुणी उचललं, झोपेत काय बरळलो. अंगावर एक कपडा नसल्यासारखं वाटायचं. तसा आत कसा येऊ? परत गेलो.

त्या नव्या चर्चच्या पोरांना माझं नावही धड ठाऊक नव्हतं. टाकीचा जोड सुकेपर्यंत बसलो, त्यांनी चहा दिला, गाणं चाललं होतं. पुढच्या रविवारी गळती बघायला गेलो. गळत नव्हती. तरी त्याच्या पुढच्या रविवारी गेलो.

आता जे सांगायचं ते. तू पहाटे स्वयंपाकघरात माझं नाव घेऊन बोलायचीस ना, ते मला ऐकू यायचं. रोज. प्यालेलो असलो तरी यायचं. त्याचा मला कधी राग आला नाही, ते घरातलं घरात होतं. ते कानात नसतं तर मी टाकी करून, बिल देऊन निघून आलो असतो. हे मला पक्कं कळतं, कसं ते विचारू नको.

तू ते बंद केलंस. आता घरी असलो की पहाटे जाग येते आणि घर भुंडं वाटतं. बंद करू नको. तुझा काडीपैलवान म्हणतो, पाण्यातून वर आलं की माणूस नवा होतो. त्याचं वय लहान आहे. मला तुझं अजून पुष्कळ लागेल.

आलीस तर उतरतो. नाही आलीस तर टाकी मीच बसवलेली आहे, कुठे पळून जात नाही.

मी


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी भांडून घेते, मग काय झालं ते सांगते.

ह्यांचं पत्र वाचलं आणि चप्पल घालून सरळ खजिनदाराच्या घरी गेले. म्हटलं, "मी माझ्या नवऱ्याचं दुःख देवापुढे मांडलं होतं, तुमच्या मोरीत नाही! तुमची लाज कुठे गेली होती?" म्हातारा गांगरला. चष्मा काढून म्हणाला, "पण बाई, आम्हाला सांगितलं कुणी?" इतका राग आला, इतका राग आला, की दार आपटून निघाले आणि बाहेर पायरीवर बसून रडले. कारण त्या मेल्याने खरं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. पंचवीस वर्षं पाठ असलेलं मागणं, एक ओळ आठवेना. शेवटी म्हटलं, "देवा, तू माझं ऐकलंस आणि माझं काहीच ऐकलं नाहीस. मी सांगितलेलं चर्च नाही, मी सांगितलेला पाळक नाही, मी सांगितलेली वेळ नाही. मला तुझा भयंकर राग आलाय, आणि ह्यांचा हात सोडू नको." एवढंच. हे बाहेरगावीच होते, तरी मोठ्याने म्हटलं. सवय.

काल गेले. ठेवणीतले कपडे घालून, पुढच्या रांगेत बसले. लपायचं काय कारण? टाकीत पाणी बर्फासारखं. एवढ्या मोठ्या माणसाला बुडवायचं तर पाणी कोमट करावं, हे त्या काडीपैलवानाला सुचलं नाही. संडेस्कूलमध्ये झोपायचा, त्याचं हे फळ. हे पायऱ्या उतरले, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. काडीपैलवानाने ह्यांना मागे झुकवलं, आणि झुकवलं ते वर काही येईना! ह्यांचं वजन तुला ठाऊक आहे, आणि त्याचे हात म्हणजे झाडूच्या काड्या. पाय घसरले, दोघं कलंडले, पाण्यावर नुसते बुडबुडे. लोक गात होते. गात होते, आणि माझा नवरा बुडत होता!

मी उतरले. ठेवणीतल्या कपड्यांसकट, कमरेएवढ्या पाण्यात. पाठीखाली दोन्ही हात घातले आणि ओढलं. हे वर आले, नाकातोंडात पाणी, आणि भर मंडळीत एक शिवी दिली. पुरती दिली, अर्धवट नाही. गाणं तिथेच तुटलं. मग काडीपैलवान दातावर दात आपटत म्हणाला, "आमेन." आणि मला इतकं हसू आलं की मी पाण्यातच ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या हातांनी वर आले हे, धाकट्या. तुला श्रेय वाटत असेल तर वाटू दे. मला थंडी वाजत होती.

नंतर त्याने विचारलं, "भाऊंबद्दल कुणाला साक्ष द्यायची आहे?" सगळे माझ्याकडे वळले. माझ्याइतकं ह्यांच्याबद्दल सांगण्यासारखं जगात कुणाकडे आहे? सगळं ओठांवर आलं होतं, ते पहाटेचं, ते दारूचं, ते मांडीवरचं. हे टॉवेल गुंडाळून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. ती नजर मी कधी बघितली नव्हती, म्हणजे असणार, मीच बघितली नसणार. मी म्हटलं, "काही नाही. ह्यांना कोरडे कपडे द्या."

ओल्या कपड्यांत बसमध्ये कुणी घेईना, म्हणून घरी चालत आलो. मी वाटभर बडबडत होते, थंडीबद्दल, काडीपैलवानाबद्दल, बिघडलेल्या कपड्यांबद्दल. शाळेच्या भिंतीपाशी हे थांबले आणि म्हणाले, "एक सांगू का?" इतक्या वर्षांनी. मी तोंड मिटलं. आणि त्यांनी सांगितलं.

ते मी तुला सांगणार नाही. विचारू नको.

ताई